सब्ज्याची खूण

माझा नवरा दुबईच्या बर दुबई भागात कार्गोच्या दुकानात कामाला होता. रत्नागिरी-रायगडची माणसं सुट्टीवर निघण्याआधी आपलं सामान घेऊन त्याच्याकडे यायची. दुधाच्या पावडरीचे डबे, ब्लँकेटं, साबण, पोरांच्या सायकली, सगळं तो एका खोक्यात कसं बसवायचा ते त्यालाच ठाऊक. त्याने मारलेली गाठ गावाला पोचल्यावर हाताने कधी सुटली नाही. अर्धी खाडीपट्टी त्याला शिव्या घालत कोयत्याने दोऱ्या कापायची. जन्मभर दुसऱ्यांचं सामान घरी पाठवणारा हा माणूस मला म्हणायचा, "मी मेलो तर मला कार्गो करू नका. इथेच ठेवा. तू इथे, पोरगा इथे, मी तिकडे एकटा काय करू?"

"जीभ आवर," मी म्हणायचे. पण करोना यायच्या थोडं आधी तो दुकानातच छातीत कळ येऊन गेला, आणि आम्ही त्याचं ऐकलं. शारजाच्या कबरस्तानात त्याला माती दिली.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मुलगा मला शारजातल्याच अल मजाजच्या घरातून घेऊन जायचा आणि गाडी भिंतीला लावायचा. तो पाण्याची बाटली घेऊन आत, मी काच खाली करून गाडीत फातेहा पढत. पहिल्याच शुक्रवारी मी त्याला विचारलं होतं, नेमका कुठे? भिंतीवरून डोकावणारं एक कडुलिंबाचं झाड त्याने दाखवलं. "त्याच्या सरळ मागे, अम्मी." तेव्हापासून मी त्या झाडाकडे तोंड करून बसू लागले. सगळं त्यालाच सांगायचे. लिफ्ट पुन्हा बंद आहे, शेजारीण केरळला कायमची गेली, तुझा पोरगा लग्नाचं नाव काढू देत नाही.

इथल्या कबरी सगळ्या सारख्या. मातीचा उंचवटा, डोक्याशी दगड, नाव नाही. दगडावर नंबर रंगवतात, पण इथलं ऊन त्याला दोन उन्हाळेसुद्धा टिकू देत नाही. म्हणून मी माहेरून सब्ज्याचं बी मागवलं होतं. आमच्या गावी कबरीवर सब्जा लावतात. हात लागला की वास येतो, आणि झाड हिरवं असेपर्यंत आतल्या माणसाला गारवा मिळतो असं आम्ही मानतो. मी पुडी बांधून दिली, मुलाने बी पेरलं, दर शुक्रवारी पाणी घातलं. रोप तगलं. अख्ख्या रांगेत तेवढंच हिरवं आहे, असं त्याने येऊन सांगितलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. आता चुकायचं कसं, मी म्हणाले.

मग मुलाला जर्मनीत नोकरी चालून आली. गावाचं नाव ग्योर्लिट्स. ते तोंडात बसायलाच मला आठवडा लागला. नोकरी चांगली होती, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण माझा इथला विसा मुलाच्या विसावर. तो गेला की माझं खलास. आईला तिकडे न्यायचं म्हणजे हजार अटी. "नंतर बघू, अम्मी, इन्शाल्ला," तो म्हणाला. अशा वेळी इन्शाल्ला आलं की आमच्याकडे माणूस समजायचं ते समजतो. मी रत्नागिरीला, भावाच्या शेजारच्या बंद घरात जायचं, हे ठरल्यातच जमा होतं. माझं म्हणणं एकच होतं. तुझ्या बापाला कुणाच्या भरवशावर सोडू? इथेच राहतो म्हणाला तो आपल्यासाठी, आणि आता आपणच निघालो?

कंपनीने त्याला आठवडाभर गाव बघायला बोलावलं, तेव्हा त्याने मलाही बरोबर नेलं. गाव आवडलं की आई मऊ होईल, असा त्याचा डाव. पोटचा आहे, एवढं कळतं मला.

गाव देखणं आहे, खोटं कशाला बोलू. लढाईत त्या देशाची मोठमोठी शहरं जमीनदोस्त झाली, पण ह्या गावावर बॉम्ब जवळजवळ पडलेच नाहीत. कापडाच्या व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली घरं एकाला एक खेटून उभी. मध्ये कितीतरी वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, छपरं गळत होती म्हणे. दोन जर्मनी एक झाल्या आणि मग डागडुजी झाली, रंग लागले. पण तोवर तरुण माणसं कामधंद्यासाठी पश्चिमेकडे निघून गेली होती. स्वस्त भाडं बघून बाहेरचे पेन्शनर येऊन राहिले. एवढ्या रंगीत खिडक्या, आणि आत उजेड मोजक्याच खिडक्यांत. चौकात चहा घेतला तर चार युरो. मी मोठ्याने त्याचे दिरहम केले, मग रुपये केले, तोवर चहा गार झाला. संध्याकाळी चौकात आम्ही दोघं आणि कबुतरं. शारजाच्या गजबजाटाला मी रोज नावं ठेवते, पण ह्या गावातली शांतता मला बाधली. घरं सगळी जागेवर आणि माणसं गेलेली, असं गाव मी आधी पाहिलं नव्हतं.

नदीचं नाव नायसे. आमच्या शारजातल्या खालिद लगूनच्या पाण्यापुढे ती ओढाच. पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाईल. पण मधोमध सरहद्द आहे, पलीकडे पोलंड. लढाईच्या आधी दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं. हरत आलेल्या जर्मन फौजेनेच माघार घेताना पूल उडवले, आणि मग मोठ्या देशांनी नकाशावर नदीच हद्द ठरवली. पलीकडचे जर्मन अलीकडे हाकलले गेले. त्यांच्या घरांत पोलंडच्या पूर्वेकडून हाकललेले लोक येऊन राहिले, पुढे ग्रीसमधल्या यादवीतून पळालेलेही आले. चुलीवरची भांडी एकाची, जेवणारे दुसरेच. मुलगा हे सगळं फोनवर वाचून मला सांगत होता.

"म्हणजे आपल्या बिल्डिंगसारखंच की. कुणीच तिथलं नाही," मी म्हणाले. तो हसला नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण ऐंशीच्या पुढची, एकटी. रविवारी सकाळी ती झाडांना पाणी घालायची झारी घेऊन बाहेर निघाली आणि मलाही चल म्हणाली. मुलगा नोकरीसाठी जर्मन शिकला होता, तो दुभाष्या म्हणून आला. जुन्या चर्चच्या खालून नदीवर फक्त चालायचा पूल आहे. त्यावरून आम्ही पोलंडमध्ये गेलो. कुणी थांबवलं नाही. येताना कधीकधी पोलीस कागद बघतात, तेवढंच, ती म्हणाली.

तिचा जन्म ह्या पोलंडच्या काठावरचा. बाप ती लहान असतानाच आजाराने गेला, त्याला तिथेच पुरलं. लढाई संपल्यावर आईने तिला हातगाडीत बसवून नदीच्या जर्मन काठावर आणलं. दोन-चार महिन्यांत परत जाऊ म्हणून बापाच्या कबरीवरचा दिवासुद्धा आईने तिथेच ठेवला होता. पुढे पहारे बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडची झाडं दिसायची, पण जाता येत नव्हतं. जायला मिळालं तोवर तिची आईही गेली होती. म्हातारी तिथे पोचली, तर कबरस्तानाच्या जागी बाग. बाकं, पायवाटा, झोपाळा. एकही दगड नाही.

त्या बागेत ती सरळ एका झाडापाशी गेली आणि झारी रिकामी केली. मग झाडाच्या बुंध्याला टेकून बराच वेळ काहीतरी बोलली. करोनात पुलावर जाळी उभारली होती, तेव्हा ती झारी घेऊन जाळीपर्यंत यायची आणि परत जायची, असं तिने सांगितलं.

"विचार तिला, बाप ह्याच झाडाखाली आहे कशावरून?" मी मुलाला म्हटलं.

तो अवघडला, पण त्याने विचारलं. म्हातारीने खांदे उडवले.

"शी सेज, कशावरूनही नाही. शी जस्ट डिसायडेड."

मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात थोडं हसूही आलं. बाप काय ठरवायचा असतो? कुठल्याही झाडाला अब्बा म्हणायचं आणि पाणी घालायचं? माझा माणूस मला पक्का ठाऊक होता. कडुलिंबाच्या सरळ मागे, सब्ज्याखाली. त्या बाईपेक्षा आपलं नशीब बरं, असं वाटून मी पुलावरून परत आले.

शारजाला आल्यावर मी मुलाला हो म्हटलं. पोराच्या वाटेत आई किती दिवस आडवी पडणार? फक्त एक अट घातली. जायच्या आधी मला एकदा आत ने. कबर डोळ्यांनी बघायची आहे, आपली पद्धत एक दिवस राहू दे बाजूला.

त्याचं तोंड उतरलं. एका शुक्रवारी त्याला ताप आला, पुढच्या शुक्रवारी ऑफिसचं काम निघालं. मला वाटलं, मौलाना काय म्हणतील, लोक काय म्हणतील, ह्याला भीत असेल. शेवटी मीच चप्पल घालून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. "यल्ला, चल," म्हटलं, "आता उरलेत किती शुक्रवार?"

कबरस्तानात माणूस नव्हतं. वाळूत पाय रुतत होते. मी कडुलिंब शोधला, त्याच्या मागे गेले आणि थांबले. सब्जा एका कबरीवर नव्हता. चार कबरींवर होता. एकीवर दाट, दोन कबरींवर बेताचा, एकीवर वाळायला लागलेला.

"ह्यातला कुठला?" मी विचारलं.

तो हातातल्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"अरे, कुठला?"

"आय डोन्ट नो, अम्मी."

दोन वर्षांपूर्वी एका पावसात शारजा पाण्याखाली गेलं होतं. आमच्या बिल्डिंगखाली गाड्या तरंगत होत्या, आम्ही कितीतरी दिवस जिन्यावरून पाण्याच्या बाटल्या वर नेत होतो. तेव्हाच कबरस्तानातही पाणी भरलं, हे तो मला आत्ता सांगत होता. उंचवटे सपाट झाले, दगड सरकले, रोप वाहून गेलं. नंतर माती घालून सगळं नीट केलं गेलं, पण ऑफिसात विचारलं तर रांग कळली, रांगेतली जागा कळली नाही. आणि काही आठवड्यांनी वाहून आलेलं बी जिथे जागा मिळाली तिथे उगवलं.

"मग दोन वर्षं पाणी कुणाला घालत होतास?"

"आलटून पालटून," तो मराठीत म्हणाला. लहानपणानंतर इतकं साफ मराठी त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. "तू गाडीतून झाडाकडे बघून बोलत असायचीस. तुला कसं सांगू?"

मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. मी चारही कबरींकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्याच्याशेजारी झोपले तो माणूस मला हाक मारेल, काहीतरी खूण देईल, असं वाटलं. सब्ज्याची पानं चुरडून वास घेतला. चौघांचा वास एकच.

तेवढ्यात टॅक्सी ड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस बाटली घेऊन आला. आम्हाला सलाम करून तो दाट सब्ज्याच्या कबरीपाशी बसला आणि पाणी घालू लागला.

"कौन हैं आपके?" मी विचारलं.

"बड़े भाई हैं, खाला."

"पक्का यही?"

त्याने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अल्लाह जाने. बारिश के बाद कुछ समझ नहीं आता था. फिर ये हरियाली निकली, तो मैंने सोचा भाईजान के लिए निकली है. तब से इसी को पकड़ के बैठा हूँ."

हे बी माझ्या माहेरचं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. तो हात उचलून दुआ मागत होता, आणि त्याच्यापुढे माझा नवरा होता की त्याचा भाऊ, ते आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं. ती जर्मन म्हातारी आठवली. तिला निदान एक झाड ठरवता आलं होतं. मी दुसरी कबर ठरवू गेले, तर तिसरी माझ्याकडे बघते आहे असं वाटलं.

त्याची दुआ संपल्यावर मी आमची बाटली त्याच्या हातात दिली. "बेटा, हम हमेशा के लिए जा रहे हैं. तुम आओगे तो इनको भी थोड़ा पानी डाल देना."

"ज़रूर, खाला. आपकी कौनसी है?"

"चारों," मी म्हणाले.

मुलाने मला हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी सुरू करायच्या आधी तो नेहमीसारखा थांबला, मला फातेहा पढता यावी म्हणून. मी काच खाली केली. कडुलिंब भिंतीवरून तसाच डोकावत होता. मी हात उचलले, पण तोंड कुठे करायचं तेच मला कळेना.