असं ओरडत नाही कुणी

चंदनाचा हार घातलेला बाबांचा फोटो आमच्या हॉलच्या भिंतीवर लागला, तेव्हा बाबा त्याच भिंतीखाली बसून पोहे खात होते. इंदिरानगरमधलं आमचं रो-हाऊस आम्ही एका विनोदी कौटुंबिक मालिकेला चित्रीकरणासाठी दिलं होतं आणि त्या मालिकेतल्या कुटुंबाला एक दिवंगत आजोबा हवे होते. आयत्या वेळी कुणाचा फोटो मिळेना, तेव्हा बाबांनी हौसेनं आपला दिला.

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

"जिवंत माणसाला हार घालतात का?"

"सत्कारात घालतात की," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाबांचे एक लांबचे मावसभाऊ न कळवता आले. भिंतीकडे बघून दारातच रडायला लागले. तेवढ्यात बाबा टॉवेल गुंडाळून आतून "काय झालं रे?" म्हणत बाहेर आले. मावसभावांना सावरायला आईला लिंबू सरबत करावं लागलं, आणि ते ढवळता ढवळता तिलाच इतकं हसू आलं की अबोला तिथेच संपला.

ते तीन महिने आमच्या घरात कुणीच शहाण्यासारखं वागलं नाही. आमचा सोफा त्यांनी गच्चीवर नेऊन ठेवला, कारण तो मध्यमवर्गीय दिसत नव्हता. त्याच सोफ्यावर बसून आम्ही पंचवीस वर्षं मध्यमवर्गीय होतो. मी घरून काम करते, एकदा माझी मीटिंग चालू असताना शेजारच्या खोलीत एक माणूस लागोपाठ सात वेळा "माझा मोदक कुणी खाल्ला?" म्हणून हंबरडा फोडत होता. साहेबांनी मला त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांगितलं.

दिग्दर्शक तिशीचा, दाढीवाला मुलगा होता आणि कथाही तोच लिहायचा. आईच्या थालीपिठांवर तो जगायचा, त्यामुळे आईला मालिकेत लुडबूड करायची मोकळीक होती. "अरे, श्राद्धाच्या स्वयंपाकात ती कांदा का चिरतेय?" असं ती स्वयंपाकघरातून ओरडली की शॉट थांबायचा. मालिकेतली सगळ्यात लाडकी होती आत्या. ते काम करणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, आणि खुर्चीवरून, शिडीवरून, अगदी सपाट जमिनीवरसुद्धा अशा काही पडायच्या की बघणारा हसून लोळायचा.

मग एक दिवस दिग्दर्शक गंभीर चेहऱ्यानं आला. वाहिनीला एक सामाजिक विषयाचा भाग हवा होता. त्यानं लिहिला होता तो असा: हॉलमध्ये आत्या एकटी असते. पेटी शिकवायला येणारे मास्तर तिच्यावर जबरदस्ती करायला जातात. आत्या "वाचवा!" म्हणून ओरडते, सगळं कुटुंब झारे-लाटणी घेऊन धावत येतं, मास्तरांना बडवतं. मास्तर पेटीवर पडतात, पेटी वाजते. पुढच्या प्रसंगात सगळे श्रीखंड खातात.

सकाळी अकराला चित्रीकरण सुरू झालं. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. पहिल्यांदा आत्याबाई ओरडल्या तेव्हा आवाज कमी पडला. दुसऱ्यांदा इतक्या ओरडल्या की गल्लीतून जाणारा भाजीवाला हातात वजन घेऊन फाटकातून आत आला. त्याला समजावून परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्या ओरडल्या आणि माडीवर झोपलेले बाबा खडबडून उठून, जिन्यावरून धडधडत खाली येऊन थेट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मागे भिंतीवर त्यांचाच हार घातलेला फोटो.

"आजोबा वरून मदतीला आले!" कॅमेरावाला म्हणाला, आणि सगळं युनिट हसत सुटलं. मास्तरांचं काम करणारा नट पेटीवर डोकं ठेवून हसत होता.

त्या हसण्यातच आई दारात आली. हातात मेथीची जुडी तशीच होती.

"असं ओरडत नाही कुणी," ती म्हणाली.

दिग्दर्शकानं डोळे पुसत विचारलं, "मग कसं ओरडतात, काकू?"

"ओरडतच नाहीत. आवाज फुटत नाही."

"तुम्हाला काय माहीत?" त्यानं सहज विचारलं. हसू अजून तोंडावर होतंच.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

हसणं एकदम थांबलं नाही. ते एकेका माणसाच्या तोंडावरून उतरत गेलं. सगळ्यात शेवटी बाबांच्या.

आई उभ्याउभ्याच सांगायला लागली, आणि सांगताना मेथीची पानं खुडत राहिली. तिचं माहेर देवळाली कॅम्पचं. ती एकवीस वर्षांची असताना मुलाकडच्यांना पाठवायला फोटो हवा म्हणून बाजारातल्या एका स्टुडिओत गेली. सोबत धाकटी बहीण होती. तिला फोटोवाल्यानं चिंचगोळ्या आणायला पिटाळलं. मागे काश्मीरच्या तळ्याचा पडदा आणि तिपाईवर एक काळा फोन. नुसता शोभेचा, वायर कुठेच जोडलेली नाही. फोटोवाला हनुवटी सरळ करायला म्हणून जवळ आला आणि मग त्यानं दाराची कडी लावली.

"मी ओरडायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. आणि डोक्यात काय यावं? की ही साडी मावशीची आहे, फाटली तर ती काय म्हणेल. त्यानं मला पडद्यावर दाबलं आणि पदर ओढला. मग माझ्या हाताला तो फोन लागला. जड होता मेला. घातला त्याच्या कानशिलात."

"आणि?" आत्याबाईंनी विचारलं.

"तो खाली बसला. मी कडी काढून पळाले." आईनं आणखी एक पान खुडलं. "तो फोन पहिल्यांदाच कुणाला लागला असेल."

ती स्वतःच हसली. आम्हाला हसावं की नाही ते कळेना. आत्याबाई मात्र फसकन हसल्या आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उठून आईच्या हातातली जुडी काढून घेतली आणि स्वतःच निवडायला बसल्या. अर्धी मेथी देठांसकट टोपलीत टाकली.

"श्रीखंड कुणी खाल्लं नाही," आई दिग्दर्शकाला म्हणाली. "माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, कुणाला बोलू नकोस, स्थळं यायची बंद होतील. वर्षभर मी त्या गल्लीतून गेले नाही. पाच मिनिटांच्या दुकानाला अख्ख्या बाजाराला वळसा घालून जायचे. मागून कुणी खाकरलं तरी पळत सुटायचे. तुझी आत्या दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून पडून सगळ्यांना हसवते, ते खोटं आहे बघ."

दिग्दर्शकानं त्या दिवशी काम थांबवलं. युनिट गुपचूप निघून गेलं. जाताना प्रत्येकानं आईला नमस्कार केला, मास्तरांच्या नटानं तर दोनदा.

मी पाणी घेऊन आले तर बाबा दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. कोपऱ्यातली छत्री काढून ठेवली होती, बाहेर लख्ख ऊन असताना.

"कुठे निघालात?" आईनं विचारलं.

"देवळालीला."

"कशाला?"

"त्या फोटोवाल्याकडे."

"अहो, तो वारला. दहा वर्षं झाली."

बाबा हातात नाडी धरून तसेच बसले. त्या माणसानं मरून त्यांना फसवलं असावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"मग मी काय करू?"

"बूट काढा."

त्यांनी एक बूट काढला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. पण तुम्हीच म्हणालात, तुझ्या फोटोतल्या डोळ्यांवर मी भाळलो."

हे मला ठाऊक होतं, कारण प्रत्येक समारंभात बाबा हा किस्सा सांगायचे. त्यांच्याकडे आलेल्या सगळ्या फोटोंत मुली लाजून हसत होत्या, एकटी आमची आई कॅमेऱ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होती. 'म्हटलं, हीच! हिच्यात दम आहे!' यावर लोक हमखास हसायचे. आता कळलं, तो फोटो दुसऱ्या स्टुडिओत, पंधरा दिवसांनी काढलेला होता. आजी शेजारी आईचा दंड धरून उभी होती आणि आईची नजर फोटोवाल्याच्या हातांवरून हलत नव्हती.

बाबांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढून बघितली. मग म्हणाले, "मी मूर्ख आहे."

"थोडेसे," आई म्हणाली. तिनं वाकून त्यांचा दुसरा बूट सोडवला, कारण नाडीला गाठ बसली होती. तो किस्सा बाबांनी त्यानंतर कधीच सांगितला नाही.

दिग्दर्शकानं कथा नव्यानं लिहिली. आत्या ओरडत नाही. मास्तरांच्या डोक्यात पेटीचं झाकण घालून पळते, आणि घरात कुणाला बोलत नाही. पुढच्या दोन भागांत ती एकदाही पडत नाही. घरातले तिला हसवायला नाना उद्योग करतात, ते स्वतःच शिडीवरून पडतात, आणि तिला हसू येत नाही. शेवटी तिची भावजय तिच्याजवळ बसते आणि विचारते, "काय झालं?" आणि पुढे एकही सल्ला देत नाही. ते वाक्य आईनं सुचवलं होतं. सल्ला न देणंही तिनंच.

तो भाग टीव्हीवर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या काकू. आमच्या शेवग्याची पानं आणि सुरवंट त्यांच्या अंगणात पडतात म्हणून दोन वर्षं त्यांचं आमच्याशी बोलणं नव्हतं. मला वाटलं, आता सुरवंटच दाखवायला आल्या.

"आई आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. मी चहा घेऊन गेले तर दोघी एकदम गप्प झाल्या. काकूंचे डोळे लाल होते. "ठेव तिथे आणि जा," आई म्हणाली. दीड तास त्या आत होत्या. काय बोलल्या ते मी आजवर विचारलेलं नाही.

निघताना काकू फाटकापाशी थांबल्या, वर शेवग्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही फांदी मात्र छाटाच हं."

"छाटते," आई म्हणाली. "शेंगा घेऊन जा आधी."

काकूंनी ओच्यात भरभरून शेंगा नेल्या.