बडीशेपेची पिशवी

दुष्काळात मिरची कडाडली, तेव्हा आम्ही मसालेवाल्यांनी संघ काढला आणि जिकडंतिकडं प्लॉट पडत चाललेल्या पडेगावात सामाईक कांडप यंत्र बसवलं. बैठकीत सगळे भाऊ-भाऊ. यंत्रापाशी मात्र जो तो दुसऱ्याच्या पिशव्यांत नाक खुपसायचा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घ्या लेकहो, वास घ्या! माझ्या मसाल्यात बडीशेप कधीच नव्हती. तरी तिची पिशवी मुद्दाम उघडी टाकून मी चहाला गेलो.

पुढच्या हंगामात कन्नड गावच्या दुकानदारानं माझा माल परत केला. म्हणाला, "समद्यांच्या मसाल्यात बडीशेप हाय, तुमच्यातच नाय. गिऱ्हाईक आता तीच चव मागतंय."

आता मीही बडीशेप घालतो. पिशवी मात्र झाकून ठेवतो.