सरावाचा फवारा

आमच्या खाणगावातल्या शाळेत ग्लेंडा स्टिडमबाईंना सगळे हसायचे. नशेच्या गोळ्यांचे धोके शिकवतात म्हणे! आठवीच्या पोरांना कसलं डोंबलाचं शिकवायचं? अर्ध्या पोरांनी ते घरीच बघितलेलं. "बाई, गोळ्या जास्त झाल्या की माणसं आधी घोरतात आणि मग ओठ निळे पडतात, तुम्ही उलटं सांगताय," असं पोरंच बाईंना सुनवायची.

तरी बाई हटल्या नाहीत. 'नशेला नाही म्हणा'चे तक्ते त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवले आणि सरळ जीव वाचवायला शिकवू लागल्या. आधी फोन करायचा, मग मान मागं करून नाकात गोळ्यांचा अंमल उतरवणाऱ्या औषधाचा फवारा मारायचा, कुशीवर वळवायचं, थांबून बघायचं.

टेसा मुलिन्स यात सगळ्यांत तयार. तिच्या आईला पाठदुखीवर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या काही सुटल्या नाहीत. हे गावाला ठाऊक होतं.

एका शुक्रवारी टेसानं विचारलं, "बाई, हा फवारा घरी नेऊ?"

"कशाला गं?"

"हात बसायला."

बाईंना भरून आलं. "ने की. तुझ्यासारखी एक निघाली तरी माझी नोकरी सार्थकी लागली."

फवारा सरावाचा होता, आत औषधाचा थेंब नाही. बाईंनी ते पहिल्याच तासाला बजावलं होतं. पण त्या दिवशी टेसा आईला सांभाळत घरी बसली होती, आणि हे बाईंच्या ध्यानातच राहिलं नाही.

रविवारी टेसाची आई गेली. डोंगरापलीकडून अँब्युलन्स येईतो सगळं आटोपलं होतं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. टेसा बाईंजवळ आली.

"बाई, मी दाबायला चुकले का? तुम्ही सांगितलं तसंच केलं. थांबून बघितलं. ती हललीच नाही."

बाईंना तो सरावाचा फवारा आठवला. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पण मग ही पोर जन्मभर स्वतःलाच दोष देत बसली असती.

"तू काही चुकली नाहीस, बाळा. तो रिकामा होता. मी तुला रिकामा दिला."

टेसा रडली नाही. ती रडली असती तर बाईंना सोसवलं असतं.

"मग भरलेला कुठं असतो?"

"ऑफिसच्या कपाटात. कुलपात."

"कुलपात का?"

बाईंनी मान खाली घातली. "पोरांच्या हाती लागू नये म्हणून."