पोटातल्या करडाचा लिलाव

बी.ए. व्हायचं, मग बी.टी., मग मिशनच्या शाळेत मास्तर. जामखेडकडच्या आम्हा ख्रिस्ती पोरांचं आयुष्य असं आधीच बेतून, शिवून ठेवलेलं असायचं. आम्ही फक्त ते अंगात घालायचं. मला ते घालायचं नव्हतं. मला शेअर दलाल व्हायचं होतं, आणि हे मी कुणाच्या बापाला न भिता सांगत असे. माझ्या बापाला मात्र जरा जपून.

हे वेड मामाने लावलं. तो मुंबईत एका दलालाच्या पेढीवर कारकून होता. मॅट्रिकनंतरच्या मे महिन्यात त्याने मला शेअर बाजार दाखवला. लढाईचे दिवस होते. कुठली तरी बातमी आली आणि बघता बघता सगळा हॉल खवळला. माणसं घसा फोडून ओरडत होती, बोटांनी खुणा करत होती आणि नुसत्या शब्दावर मोठमोठे सौदे ठरत होते. एवढा गोंगाट आणि एवढा विश्वास मी एका जागी कधी पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "शेटजींच्या पोरांना डिग्री लागत न्हाई, त्यांच्या बापाची पेढी हाय. तुला कोन उभं करनार? तू बी.कॉम. हो. कंपनीचा ताळेबंद वाचता येनारा मानूस पेढीला लागतोच."

मी पुण्याला कॉलेजात गेलो तो हे डोक्यात घेऊनच. पहिलं वर्ष सगळ्यांचंच आर्ट्सचं असायचं, फाटा फुटायचा तो पुढे इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. पण माझी फी मिशन भरत होतं, आणि मिशनला हवे होते मास्तर. शिफारस आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातात. वडील त्याच मिशनच्या शाळेत मास्तर, राहतं घरही मिशनचंच. थोडक्यात, पाळकसाहेबांनी मान हलवली तर मी कॉमर्सला जाणार, नाहीतर आर्ट्सच.

नाताळच्या सुटीत घरी आलो आणि त्यांना सरळ विचारलं.  उत्तर मिळालं ते त्याच सुटीतल्या कापणीच्या सणाला, उपासनेत, भर मंडळीसमोर. ज्या मालाला हात लावला नाही, जो डोळ्यांनी पाहिला नाही, त्याची खरेदी-विक्री म्हणजे जुगार, आणि आपल्यातला एक तरुण त्या वाटेला निघाला आहे, असं ते म्हणाले. सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

आमच्याकडे या सणाला जो तो आपल्या पिकातलं, गोठ्यातलं काहीतरी देवाला आणून देई. उपासना झाली की उपासनामंदिराच्या अंगणात त्याचा लिलाव व्हायचा आणि पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला लागायचा. बोली पुकारायचं काम माझ्याकडे असे, कारण माझा आवाज वेशीपर्यंत जायचा. त्या दिवशीही मीच उभा राहिलो. बाजरी गेली, भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. मग मंडळीतल्या एका बाईने गाभण शेळी पुढे ओढली.

"शेळी माजी हाय," ती म्हणाली, "पोटातलं देवाचं. काय व्हईल ते."

अशी देणगी आमच्याकडे नवी नव्हती. मी बोली सुरू केली. लोक चौकशा करू लागले. मागच्या वेताला किती दिली? दोन. जगली किती? एक. बोली जरा थबकली. तेवढ्यात पाळकसाहेब स्वतः उठले, शेळीच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "या खेपेला दोन आहेत." आणि त्यांनी सगळ्यांच्या वर बोली केली.

मी तिसऱ्यांदा पुकारायचा थांबलो.

"साहेब," मी म्हणालो, "करडू जन्मलेलं नाही. नर की मादी, ठाऊक नाही. जगेल की मरेल, ठाऊक नाही. तरी तुम्ही अंदाज बांधलात आणि भाव लावलात. गिरणीचा शेअर घेणारा तरी वेगळं काय करतो? सकाळी तुम्ही यालाच जुगार म्हणालात."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले.

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. "देवाच्या अंगणात बाजाराच्या गोष्टी?"

"बोली पुकारायला मला तुम्हीच उभं केलंत."

 ते वडिलांकडे वळून म्हणाले, "मास्तर, मुलाला माफी मागायला सांगा."

पाळकसाहेब उभे असताना माझे वडील कधी बसत नसत. रस्त्यात ते दुरून दिसले तरी टोपी हातात यायची. त्या दिवशी वडील सतरंजीवर बसलेले होते, आणि बसूनच राहिले. 

"माफी कशाची?" ते मला म्हणाले. "करडू साहेबांना गेलं का न्हाई, तेवढं पुकार."

मी तिसऱ्यांदा पुकारलं. 

पुढे व्हायचं ते झालं. मिशनने माझी फी थांबवली. उन्हाळ्यात वडिलांची बदली झाली, पार बालाघाटाच्या डोंगरातल्या एका आडगावी, एकाच मास्तराच्या शाळेवर. बैलगाडीत सामान चढवताना माझा सगळा ताठा गळून पडला. आईने पदराने डोळे पुसलेले मी पाहिले होते. मी वडिलांना म्हणालो, "बाबा, मी जातो आर्ट्सला. साहेबांना भेटून सांगतो. बदली रद्द होईल."

त्यांनी हातातली ट्रंक खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी शाळेत कधी छडी उगारतानाही पाहिलं नव्हतं.

"मग मी त्या दिवशी काय उगंच बसून राहिलो व्हय?"

जूनमध्ये मी शिकवण्या धरल्या आणि कॉमर्सला नाव घातलं.