शिंप्याच्या टेपनं मोजलेली मान

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी खामगावला कॉलेजात शिकत होतो आणि सुट्टीत घरी, पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या खेड्यात, आलो होतो. शेती थोरला भाऊ बघायचा. माझी फी त्याच शेतीतून जायची.

गावात वर्तमानपत्र एकच यायचं, तेही शिंप्याच्या दुकानात. एका रविवारी त्यात छापून आलं, की जाड मानेच्या माणसाचं हृदय कमजोर असतं. त्यानं जड काम टाळावं. किती इंचांपुढे धोका, तो आकडा दिला होता. किती माणसं मोजून तो काढला, ते दिलं नव्हतं. टेप दुकानातच, म्हणून जो तो मान मोजून घेऊ लागला. भाऊची मान आकड्याच्या पुढे गेली.

पेरणी तोंडावर आलेली आणि भाऊ ओसरीवर बसून राहिला.

"वावर बटईनं देऊन टाकतो," तो म्हणाला. म्हणजे निम्मं पीक दुसऱ्याचं.

"मंग भाऊजीच्या कॉलेजाचं?" वहिनीनं विचारलं.

"मीच नाही राह्यलो तं कॉलेज काय चाटाचं हाये?"

कॉलेज सुटलं, असं मीही धरून चाललो.

दोन दिवसांनी वहिनी पोलक्याचं कापड टाकायला दुकानात गेली. मी बरोबर होतो. शिंपी एका गिऱ्हाइकाची मान मोजत होता आणि टेपच्या आत त्याची दोन बोटं होती. कॉलर काचू नये म्हणून शिंपी तसंच माप घेतात. वहिनी जरा वेळ बघत राहिली.

"शिंपीभाऊ, बोटं तुमचे अन् बिमारी लोकाईले?"

दुकानात हशा पिकला. शिंप्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "हाव बाई. हाताले सवय पडली."

भाऊला बोलावून आणलं. बोटं काढून मोजलं तर मान आकड्याच्या आत.

"पुन्हा मोज बे," भाऊ म्हणाला. पुन्हा तेवढीच भरली. दुसऱ्या दिवशी त्यानं बैल जुंपले.

बोटं काढूनही मान आकड्याबाहेर राहिली असती, तरी त्या लेखावरून भाऊचं काही ठरत नव्हतं, हे मला पुढे गणित शिकताना कळलं. तशाच मानेचे किती जण म्हातारे होऊन गेले, ते कोणी विचारलंच नव्हतं. शिवाय पोती वाहणाऱ्याची मान भरणारच. पण त्या दिवशी हा हिशेब मांडून भाऊ ओसरीवरून उठला नसता. तो वहिनीच्या एका वाक्यानं उठला.

त्या हंगामाच्या कपाशीवर माझं वर्ष पार पडलं. आज शाळेत गणित शिकवतो, त्यावर माझं घर चालतं. हे सगळं तिच्या त्या वाक्यामुळे, असं एकदा वहिनीला बोलून दाखवलं.

"मले तं निस्ते बोटं दिसले, भाऊजी," ती म्हणाली. "पेरलं त्याईनं."

तेही खरं आहे. मी भाऊ-वहिनी दोघांचेही उपकार मानतो.