तिसऱ्या अंकातली निरगाठ

माझ्या अर्ध्या तोंडाला रंग लागला होता, अर्धं तसंच होतं, तेव्हा तात्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडं आडनाव सांगितलं की पुढचे प्रश्न विचारायची गरज राहत नाही. तात्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं न बघता अप्पांना म्हणाले, "लगीन कापा."

गाव रेणापूर तालुक्यातलं. शाळेचा सातवीचा वर्ग ही आमची ग्रीन रूम. अप्पा म्हणजे गावच्या नाटक मंडळाचे डायरेक्टर, एरवी पोस्टमास्तर. तात्या त्या दिवशीचे पाहुणे. नाटकात हिरोचं काम करणारे दिगू मास्तर त्यांचे होणारे जावई. सुपारी फुटली होती, लग्न उन्हाळ्यात होतं. जावयाचं नाटक बघायला तात्या आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत होते, शेजारच्या गावाहून आले होते. मुलगी, शोभा, अर्थातच घरी होती.

मी नांदेडची, तिथं काय करत होते ते सांगते. तेव्हा गावोगाव जत्रेला नाटक बसायचं. कामं गावातलेच पुरुष करायचे. बायकांच्या कामाला मात्र गावातली बाई उभी राहायची नाही. मग लातूर-नांदेडहून 'लेडीज आर्टिस्ट' बोलवायची. पोस्टानं नाटकाचं पुस्तक यायचं, ते घरी पाठ करायचं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी एसटीनं उतरायचं, दुपारी एक तालीम, संध्याकाळी प्रयोग. सोबत घरचं एक माणूस लागायचं. माझ्यासोबत आई यायची. ती कोपऱ्यात बसून शेंगा सोलायची आणि सगळं बघायची.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. नांदेडच्या ग्रुपमध्ये माझी तीन नाटकं झाली होती. पहिल्यात चहाचा ट्रे घेऊन आत येत होते. दुसऱ्यात तोच ट्रे घेऊन बाहेर जात होते. तिसऱ्यात दोन वाक्यं होती, त्यातलं एक विसरले. एवढ्या अनुभवावर बाईसाहेब स्वतःला कलावंत समजायच्या. एसटीत खिडकीशी बसून डोळे अर्धवट मिटून दूर कुठंतरी बघायच्या. कंडक्टरला वाटायचं, पोरीला गाडी लागली. तो पिशवी आणून द्यायचा.

आणि आता हे मोठं काम मिळालेलं. हिरॉइन.

नाटक घरगुती होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी गरिबाघरच्या मुलीचं लग्न लागतं. मग सासूचा छळ. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती मंगळसूत्र काढून सासूच्या पायाशी ठेवते आणि घर सोडते. तिथं बायका रडल्या तर नाटक चाललं, नाही तर पडलं.

"तात्या," अप्पा शांतपणे म्हणाले, "पहिल्या अंकात बांधलंच न्हाई, तर तिसऱ्या अंकात ती काढंल काय?"

"ते मला काय इचारता? दिगंबररावानं हिच्या गळ्यात बांधलं, तर मी सुपारी परत घेतो."

"नाटक हाय ओ ते."

"अक्षता खऱ्या हायत न्हवं?"

अक्षता खऱ्याच होत्या. स्टेजवर लग्न लागतंय म्हटल्यावर गावातल्या बायका घरून पदराला रंगवलेली ज्वारी बांधून आणायच्या. मंगळाष्टकं सगळं गाव म्हणायचं.

मला हे सगळं हास्यास्पद वाटलं. आमच्या घरची लग्नं बुद्धवंदना घेऊन, हार घालून होत. अंतरपाट नाही, मुहूर्त नाही. आईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण ते बाजारातून येताना भाजीच्या पिशवीत अडकलं तर ती त्याला शिव्या द्यायची. स्टेजवरचं मंगळसूत्र म्हणजे माझ्या लेखी प्रॉपर्टी. नाटकात हाताळायच्या वस्तूंना प्रॉपर्टी म्हणतात. कप, काठी, पत्र, तसंच हेही. दोन पदरी काळी पोत, मागं दोरा. मी अप्पांना मोठ्या आवाजात सांगितलं, की स्क्रिप्टमध्ये आहे ते मी करणार, कलेत तडजोड नाही. आईनं शेंगेचं टरफल माझ्या दिशेनं फेकलं.

दिगू मास्तर फळ्याला टेकून उभे होते. त्यांनी शोभाला एकदाच बघितलं होतं, ती पोहे घेऊन आली तेव्हा. त्यानंतर ते रोज दाढी करायला लागले होते, असं अप्पा म्हणाले. मास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच बोलले, "ताई, नाटक पडलं तर गाव हसंल. ते सोसीन मी. शोभा गेली तर माझं हसायचंच ऱ्हाऊन जाईल."

बाहेर लोकांनी जागा धरायला पोती अंथरली होती. पुढच्या रांगेसाठी भांडणंही सुरू झाली होती.

'ताई' म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवा पेटला. मी कपड्यांच्या पेटीतून जरीची लेस काढली, एक वीत कापली, आणि तात्यांच्या समोर दिगू मास्तरांच्या मनगटाला बांधली. वर म्हणाले, "मला सख्खा भाऊ नाही. आजपासून हे माझे भाऊ. आता तरी विश्वास ठेवा." डोळ्यातून एक थेंबही काढला. डाव्या डोळ्यातून, कारण उजव्याला काजळ लागलं होतं.

तात्या विरघळले. माणूस वाईट नव्हता. राखी बघून त्यांनी टोपी सारखी केली, "मग काय हरकत न्हाई," म्हणाले आणि खाली बसले. अप्पांनी हुश्श केलं. मी सगळ्यांकडं बघून घेतलं, टाळ्या बाकी आहेत अशा चेहऱ्यानं.

काकू इतका वेळ दारात बसून सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबवून त्यांनी विचारलं, "म्हंजी आता भावानं बहिणीच्या गळ्यात बांधायचं का?"

तात्या परत उभे राहिले. अप्पांनी डोकं हार्मोनियमवर टेकवलं, तिनं तेवढा एक सूर काढला.

पाच मिनिटांपूर्वी फक्त एक सोयरीक अडचणीत होती. माझ्या हुशारीनं मी त्यात पाप घातलं. आता लेस तोडून उपयोग नव्हता. बांधलेली राखी सोडली म्हणून नातं सुटत नाही, हे तात्यांनी मला समजावून सांगितलं. दुसरा हिरो उभा करावा, तर मास्तरांचं काम पाठ असलेला एकच माणूस होता, किराणा दुकानदार. तो व्हिलन होता.

"काय करून राहिलीस तू?" आई मला म्हणाली. तेवढंच. मग ती काकूंकडं वळली. "बाई, तुमच्यात लग्नात मधी धोतर धरत्यात न्हवं?"

"हाव. अंतरपाट."

"मग ते जरा फिरवून धरा की. नवरानवरीच्या मधी न्हाई, लोकांच्या आन् ह्यांच्या मधी. त्याच्यामागं कोण बांधतंय, लोकांना काय दिसतंय?"

अप्पांनी हार्मोनियमवरून डोकं उचललं. इतकी वर्षं नाटक बसवूनही हे त्यांना सुचलं नव्हतं. स्टेजवर सगळं प्रेक्षकांना दाखवायचं असतं, हेच आमच्या डोक्यात घट्ट. लपवता येतं, हे आईला माहीत. कलावंत मात्र तिची लेक.

आता बांधणार कोण? अप्पा स्वतः तयार झाले, तर तात्यांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की ते खाली बसले. पुरुष नको. गावातली बाई स्टेजवर येणार नाही. शेवटी काकूंनी अडकित्ता कमरेला खोवला.

"म्या बांधते," त्या म्हणाल्या. "म्हंजी कुणी बांधलं ते मला तरी पक्कं ठाव असंल. माझं तोंड मात्र लोकाला दिसू देऊ नका."

प्रयोग सुरू झाला. पहिल्या अंकाच्या शेवटी दुकानदारानं आणि भटजीचं काम करणाऱ्यानं धोतर धरलं, पार जमिनीपर्यंत. मागं पाटावर मी आणि मास्तर. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, चुकूनही कुठं लागू नयेत म्हणून. काकू वाकून विंगेतून, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशातून, आल्या आणि माझ्या मागं बसल्या. मंगळाष्टकं झाली, ज्वारी धोतरावर ताडताड आदळली. माझ्या मानेवर काकूंची खरखरीत बोटं लागली. बांगड्या वाजल्या. गाठ मारून झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाल्या, "अखंड राहा, बाई."

स्क्रिप्टमध्ये हे नव्हतं. सवयीनं म्हणाल्या असतील. मंगळसूत्र बांधताना बायका जे म्हणतात तेच. पण मघाशी आडनाव ऐकलेलं माणूस होतं ते. मी पुढचं वाक्य विसरले. प्रॉम्प्टिंग करायला, म्हणजे विसरलेलं वाक्य विंगेतून पुरवायला, अप्पा पुस्तक घेऊन उभे होते. ते वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. पहिल्या रांगेलाही ते पाठ झालं, मला नाही. मी नुसती रडले. लोकांना वाटलं, काय पोरगी काम करते.

काकूंना परत न्यायचं होतं. धोतर त्यांच्यासकट सरकत सरकत विंगेकडं गेलं. सरकताना ते जरा वर उचललं गेलं, खालून जोडवी घातलेले दोन पाय चालताना दिसत होते. गावानं ते पाय बघितले आणि काही म्हटलं नाही.

दुसरा अंक नीट गेला. काकू पुढं बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या, तात्या पुरुषांच्या.

तिसऱ्या अंकात मी घोटाळा ओळखला.

नाटकातलं मंगळसूत्र नेहमी सुरगाठीनं बांधतात. दोऱ्याचं एक टोक ओढलं की गाठ सुटते. तालमीत मी तशीच बांधून, तशीच सोडून दाखवली होती. काकूंना हे सांगायचं राहिलं होतं. काकूंनी बांधली ती निरगाठ. घरी बांधतात तशी, आयुष्यभर सुटू नये म्हणून बांधलेली.

समोर सासू. सासूचं काम ग्रामसेवक करत होते. त्यासाठी त्यांनी मिशी काढली होती, हा त्याग गावात लई गाजला होता. मी म्हणाले, "हे घ्या तुमचं सौभाग्य," आणि मागं हात नेऊन टोक ओढलं. काही नाही. दुसरं ओढलं. गाठ आणखी आवळली.

विंगेतून अप्पा, "काढ." मग, "काढ की."

एक हिसका दिला असता तर दोरा तुटला असता. मणी स्टेजभर उधळले असते. माझ्यातली कलावंत म्हणाली, तोड, काय सीन होईल. पण समोर काकू ताठ बसल्या होत्या. स्वतःच्या हातानं बांधलेली पोत त्यांच्या डोळ्यांदेखत तुटली असती. जावयाच्या नाटकात. लेकीच्या लग्नाआधी. तात्यांना एवढा अपशकुन पुरला असता. दिगू मास्तर माझ्या शेजारी उभे होते, त्यांच्या कपाळावरचा रंग घामानं गळत होता. विंगेत आईनं मान हलवली. न्हाई.

मी हात खाली आणले. म्हणाले, "मी नाही काढत. ज्या हातांनी बांधलं, त्या हातांनीच सोडावं."

अप्पांनी पुस्तकाचं पान उलटून बघितलं, हे वाक्य कुठं आहे म्हणून.

आणि बायकांच्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "म्या न्हाई सोडायची. चांगली बांधलीया."

आधी बायका हसल्या, मग टाळ्या सुरू झाल्या. ग्रामसेवकांची दोन पानं भाषणं शिल्लक होती. त्यांनी एकदा विंगेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहा मग." अप्पांनी पडदा टाकला. घर सोडून जाणारी हिरॉइन घरातच राहिली. कोणी रडलं नाही, पण नाटक पडलं असंही कोणी म्हटलं नाही.

ग्रीन रूममध्ये तात्या आले, मागोमाग काकू. मास्तर उठून उभे राहिले. तात्या बराच वेळ फळ्यावरचं गणित वाचत होते. मग म्हणाले, "बांधलं हिनं, न्हाई म्हणली बी हीच. मी मधी कशाला बोलू? लगीन ठरल्यापरमाणं." मास्तर खाली बसले, ते बाकावर न बसता कपड्यांच्या पेटीवर बसले आणि पेटीचं झाकण मोडलं.

गाठ शेवटी काकूंनीच सोडली. नखांनी सुटेना, तेव्हा माझ्या मानेशी तोंड आणून दातांनी सोडली. सुपारीचा वास आला. सोडताना पुटपुटत होत्या, असली गाठ आजकाल कुणाला येत न्हाई म्हणून.

उन्हाळ्यात लग्न झालं. राखी बांधलेली होती, त्यामुळं मला करवली म्हणून बोलावणं आलं. पंगतीत शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गं तू, आडनाव काय? मी तोंड उघडायच्या आत वाढणाऱ्यांच्या मागून तात्या म्हणाले, "मास्तरची बहीण हाय." खोटं नव्हतं. पुरं खरंही नव्हतं. मी आणखी एकदा बुंदी घेतली.

माझी नात विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करते आणि अभ्यास सोडून नाटकं बसवते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, हे तर भारी इम्प्रोव्हायझेशन आहे." मी म्हटलं, गाठ सुटत नव्हती गं, दुसरं काय करणार होते?

आता मला आजीचीच कामं येतात, लातूरला, कधी नांदेडला. सेटवर गेले की पहिल्यांदा मंगळसूत्र मागून घेते आणि हुक आहे का ते बघते. पोरं हसतात. हसू देत. प्रॉपर्टी आपण तपासावी, आणि दुसऱ्याच्या हातात दिली तर गाठ कोणती मारायची ते सांगावं. राखी बांधायचीच असेल तर प्रयोग झाल्यावर बांधावी. दिगू मास्तरांना मी अजून पाठवते. लेस नाही, बाजारातली.