बर्फ आला तेव्हा

"हीट स्ट्रोक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मागे वळून ओरडल्या, "बर्फ लाओ, जल्दी!"

स्ट्रेचरवर हे पडले होते. आमच्या घरात बर्फाच्या लाद्या एकदाच आल्या होत्या. सासरे गेले तेव्हा, दीर नागपूरहून पोचेपर्यंत. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये दुसरा इलाज नसतो. त्यात दोन ब्रदर लांब चेनची काळी पिशवी घेऊन धावत आले. तसल्या पिशवीतून कुणाला नेतात, ते मी बातम्यांत पाहिलं होतं. पुण्याला मुलाला फोन करून काय सांगू, एवढंच मनात आलं.

त्या दिवशी सकाळी हे गच्चीवर कूलरची घास, म्हणजे जाळीतलं गवत, बदलायला गेले. मिस्त्री बोलवायचा म्हणजे ह्यांना कमीपणा! भर दुपारी खाली आले ते झोकांड्या खात. अंग भट्टीसारखं, घामाचा थेंब नाही. मला विचारतात, "घोडे बांधले का?" पूर्वज फौजेत होते खरे, पण आमच्या दारात तीन पिढ्यांत घोडा आलेला नाही. मला हसूच आलं.

आमच्याकडे लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली की तळपायांना कांदा चोळतात. तो चोळला, कैरीचं पन्हं केलं. तेवढ्यात शेजारच्या भाभी डोकावल्या. "अरे, ये तो बहकी-बहकी बातें कर रहे हैं! पन्ना रहने दो, अस्पताल चलो," म्हणत त्यांनी ऑटो थांबवली.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला की तोंडात काही घालू नका. अर्धवट शुद्धीत पाजलेलं श्वासनळीत जातं. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि निघा.

तर ह्यांना त्या पिशवीत निजवलं, वर बर्फ आणि पाणी ओतलं. ब्रदर चेन ओढू लागला तशी मी किंचाळले. चेन छातीवर येऊन थांबली.

"काकू, घबराऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या इथल्या लष्कर भागातल्याच, आपल्याच मराठी. "तोंड मोकळंच राहणार. माणूस मावेल आणि पाणी गळणार नाही अशी दुसरी पिशवी मिळते कुठे? शरीराला उष्णता बाहेर टाकता येईना, की मेंदू, किडन्या, सगळं आतून शिजायला लागतं. म्हणून आधी थंड करायचं, बाकी सगळं नंतर."

सिस्टर ताप मोठ्याने वाचत होती. एकशे सात. आकडा हलेना. मग एकशे सहा. मध्येच लाइट गेली आणि मी देवाचा धावा सुरू केला, पण पंखा मंदावण्याआधीच पुन्हा फिरू लागला. छतावर सोलर आहे, बर्फाचं मशीनही त्यावरच चालतं, असं कुणीतरी म्हणालं. एकशे तीन. एकशे दोन. तेव्हा ह्यांना बाहेर काढून पुसलं.

ह्यांनी डोळे उघडले. दात कडकड वाजत होते. "खिडकी लाव गं, काय थंडी आहे!"

जूनमध्ये! ग्वाल्हेरात! मी रडता रडता हसले.

पुढचे काही दिवस किडन्यांसाठी रोज रक्त तपासलं, मग घरी सोडलं. निघताना मी विचारलं, हे सगळं इतकं तयार कसं? बाई म्हणाल्या, "उन्हाळा दर साली जास्त सतावतो, काकू. आता तर रात्रीसुद्धा गार होत नाहीत. जूनमध्ये शिकत बसलो तर पेशंट जाईल. म्हणून आम्ही जानेवारीत सराव करतो. पहिल्या वर्षी बर्फात मीच झोपले होते."

मी थक्क झाले. इथला जानेवारी म्हणजे दात वाजवणारा. आम्ही माकडटोप्या घालून फूलबागेत ऊन खात, शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा ही बाई आमच्या जूनसाठी बर्फात निजली होती. आम्हाला ती ओळखतही नव्हती.

ह्या जानेवारीत सरावाला आम्ही दोघंही गेलो. पिशवीत कोण झोपणार, म्हणताच हे पुढे झाले. "मला अनुभव आहे!" बाईंनी बजावलं, "बिना बर्फाचं हं, काका." हे स्वेटरसकट आत जाऊन पडले.

"चेन कोण लावणार?" बाईंनी विचारलं.

"मी लावते," मी म्हणाले.

चेन हातात घेतली. पायांपासून ओढत आणली आणि छातीवर थांबले. हे माझ्याकडे बघून हसत होते.